सफरखर्चाचा दाखला

उर्दू शाळेच्या मास्तरांना पगाराच्या कामाखेरीज एक बिनपगारी काम असते. मोहल्ल्यातल्यांचे फॉर्म भरून देण्याचे. रेशनकार्डाचा फॉर्म, शिष्यवृत्तीचा फॉर्म, पासपोर्टचा, हजचा आणि अलीकडे व्हिसाचा. कल्याणमध्ये राहून आम्हीही या कामातून सुटलेलो नाही. मगरिबनंतर कुणी ना कुणी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन येते आणि "सर, जरा बघा ना" म्हणून समोर बसते.

गेल्या वर्षी आमच्या एका माजी विद्यार्थिनीची आई अशीच आली. लेक परदेशात, तिचे दिवस भरत आलेले. बाळंतपणासाठी सहा महिने जाऊन राहायचे होते. म्हणजे पर्यटकाचाच व्हिसा, पण लांब मुदतीचा. अर्जासोबत बँकेचे गेल्या सहा महिन्यांचे स्टेटमेंट जोडायचे होते. घरधनी भिवंडीच्या लूममधून निवृत्त झालेले. पासबुकात बेचाळीस हजार रुपये. मग दिराने चार लाख आणून खात्यात भरले. आम्ही भुवया उंचावल्या तेव्हा बाई म्हणाल्या, "सर, पैसे फक्त दाखवायचेच आहेत ना, खर्चायचे थोडेच आहेत? दाखवून झाले की दिराला परत."

दीड महिन्याने नकाराचे पत्र आले. खात्यात अचानक आलेली रक्कम कुठून आली ते समजत नाही, आणि अर्जदार मुदतीत मायदेशी परत येईल याची खात्री पटत नाही, असा त्याचा मतलब होता. आम्ही तो समजावून सांगितला. पैशाचे त्यांना फारसे वाटले नाही. दुसऱ्या वाक्याने मात्र त्या दुखावल्या. "माझं घर, माझा नवरा इथे टाकून मी तिथे राहीन, असं त्यांना वाटलंच कसं?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. ते शोधावे म्हणून आम्ही जुनी पुस्तके चाळू लागलो, तेव्हा लक्षात आले की हा प्रश्न त्या बाईंचा एकटीचा नाही. दारावर उभ्या असलेल्या मुसाफिराला 'खिशात किती आहे?' आणि 'परत जाणार का?' हे दोन प्रश्न फार पूर्वीपासून विचारले जात आहेत. आपल्या समाजाने ते मुंबईच्या बंदरावर, दरबानच्या धक्क्यावर, जिद्द्याच्या वाळूत आणि सहार विमानतळावर ऐकले आहेत. त्याचीच ही थोडक्यात हकिगत.

कल्याणचे बंदर आणि मुलतानचा नाका

आरंभ कल्याणपासूनच करायला हरकत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नावाने ती प्रसिद्ध आहे. तीत कल्याणचा उल्लेख 'कल्लिएना' असा येतो. पूर्वीच्या एका राजाच्या काळात हे रीतसर व्यापाराचे गाव होते, पण पुढे सत्ता बदलली आणि या बंदरावर अडवणूक सुरू झाली, असे तो लिहितो. चुकून येथे आलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेले जाई. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्याशी इतिहासकार याचा संबंध जोडतात. भांडण राजांचे होते, खलाशांचा काही कसूर नव्हता. तरी पहारा बसला तो खलाशांच्या जहाजावर. आज आपण खाडीकाठी दुर्गाडीजवळ उभे राहतो तेव्हा हे ध्यानात येत नाही की परक्या मुसाफिराला अडवण्याची एक फार जुनी नोंद आपल्याच गावाची आहे.

दुसरी नोंद इब्न बतूताची. १३३३ साली सिंधू नदी ओलांडून तो हिंदुस्थानात आला आणि मुलतानला थांबला. मुहम्मद बिन तुघलकाचे राज्य होते. परदेशी माणूस आला की त्याची सारी माहिती दिल्लीला लिहून जाई आणि हुकूम येईपर्यंत त्याला पुढे सोडत नसत. अट मात्र आजच्या उलट होती. 'मी येथे राहण्यासाठी आलो आहे' असे जो लिहून देई त्यालाच पुढे प्रवेश. इब्न बतूतानेही तसे लिहून दिले.

त्याच प्रवासवर्णनात आणखी एक मजेदार गोष्ट आहे. सुलतानाच्या भेटीला जाताना नजराणा न्यावा लागे आणि सुलतान त्याच्या कितीतरी पट परत देई. म्हणून सिंध आणि हिंदमधले व्यापारी नव्या पाहुण्याला हजारो दिनार उसने देत, घोडे आणि सामान पुरवत. पाहुणा दरबारात वजनदार दिसे, बक्षीस मिळाले की कर्ज फेडी. इब्न बतूतावर या मार्गाने पुढे ५५ हजार दिनारांचे कर्ज झाले आणि ते फेडण्यासाठी त्याला सुलतानाकडेच कसीदा घेऊन जावे लागले. आमच्या बाईंच्या दिराने चार लाख भरले तेव्हा त्याने काही नवे केले नव्हते. उसन्या पैशाने ऐपत दाखवण्याची ही रीत निदान सातशे वर्षांची आहे. फरक एवढाच की सुलतान उसना नजराणा खपवून घेई, आजचा व्हिसा अधिकारी खपवून घेत नाही.

इस्तिताअत

आता हजकडे वळू. कारण सफरखर्चाचा सवाल आपल्या घरांत शिरला तो प्रथम हजच्या निमित्ताने. हज फर्ज आहे ती इस्तिताअत असलेल्यावर, म्हणजे जाण्याची ऐपत असलेल्यावर. कुराणाने ही अट हजच्या हुकमासोबतच घातली आहे. फुकहांनी तिचा अर्थ उलगडून सांगितला: जाण्या-येण्याचा खर्च, वाहन, आणि परत येईपर्यंत मागे राहिलेल्या बायकामुलांचा गुजारा. हे सगळे गरजेच्या खर्चातून आणि कर्जातून उरलेल्या पैशांतले हवे. येमेनचे काही लोक सफरखर्च न घेता 'आम्ही तवक्कुल करणारे' म्हणत हजला येत आणि मक्केत पोचल्यावर लोकांपुढे हात पसरत. त्या संदर्भात सोबत शिदोरी घेण्याचा हुकूम उतरला, असे हदीसच्या ग्रंथांत आले आहे. म्हणजे 'दुसऱ्यावर बोजा होऊन प्रवास करू नका' हे तत्त्व आपल्याला परके नाही. मात्र या इस्तिताअतचा साक्षीदार माणसाचे स्वतःचे ईमान असते. पासबुक मागणारा कारकून तेथे नाही.

आगबोटी आल्या आणि गरिबांना हजचा रस्ता मोकळा झाला. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई हे हिंदुस्थानातल्या हाजींचे सर्वांत मोठे बंदर होते. बंगाल, पंजाबपासून आणि मध्य आशियातूनही लोक येथे येत आणि जहाज मिळेपर्यंत मुसाफिरखान्यांत आठवडेच्या आठवडे काढत. पुष्कळांजवळ जाण्यापुरतेच भाडे असे. अल्लाहच्या घरी पोचलो म्हणजे परतीचे तो पाहील, हा त्यांचा भाव. काहींना तर मक्का-मदिन्याच्या मातीतच मरण यावे असे वाटे. पण सगळेच काही मरत नसत. खर्च संपलेले शेकडो लोक जिद्द्याला अडकून पडत. दानशूर माणसे किंवा सरकार यांच्या पैशांनी त्यांना परत आणावे लागे.

सरकारपुढे पेच होता. परतीचे तिकीट सक्तीचे केले तर प्रश्न सुटत होता. पण १८५७ नंतर राणीच्या जाहीरनाम्यात धर्मात हात न घालण्याचे वचन दिलेले. हजला जाणाऱ्या गरिबाला बंदरावर अडवले तर मुसलमान काय म्हणतील, ही धास्ती. म्हणून सरकार दुसरे उपाय करत राहिले. मुंबईत हाजींच्या देखरेखीसाठी अधिकारी नेमला. त्याचा हुद्दा 'प्रोटेक्टर ऑफ पिल्ग्रिम्स'. उर्दूत त्याला मुहाफिज म्हणावे. १८८६ साली हाजींची ने-आण करण्याचे काम टॉमस कुक या विलायती प्रवास कंपनीला दिले. कंपनीने काही वर्षे ते केले आणि मग सोडून दिले.

अखेर १९२५ साली कायदा बदलला. जहाजावर पाय ठेवण्यापूर्वी हाजीजवळ परतीचे तिकीट हवे, नाहीतर परतीच्या भाड्याइतकी रक्कम सरकारजवळ अनामत ठेवायला हवी. पुढे १९२९ साली हज चौकशी समिती नेमली गेली आणि १९३२ च्या कायद्याने मुंबई, कलकत्ता आणि कराची या बंदरांवर हज कमिट्या आल्या.

या १९२५ च्या नियमाबद्दल काय म्हणावे? त्याने कितीतरी गरिबांची हज हुकली असणार. गाय विकून, दागिने विकून एका बाजूचे भाडे जमवणाऱ्याला दुसऱ्या बाजूचे कोठून आणायचे? पण त्याच नियमाने कितीतरी जणांना परमुलखात भुकेने मरण्यापासून वाचवले, हेही खरे. शिवाय अनामत ज्याची त्याच्याच परतीच्या तिकिटाला कामी येई. इस्तिताअतचा जो अर्थ फुकहांनी सांगितला होता, त्याच्या हा नियम बराच जवळ होता. आम्हाला तो अन्यायाचा वाटत नाही. तो कडक होता, पण त्याचे तोंड हाजीच्या भल्याकडे होते.

दरबानचा धक्का

त्याच काळात मुंबईच्या बंदरातून दुसरी जहाजे दक्षिण आफ्रिकेला जात होती. त्यांतल्या मुसाफिरांना विचारलेला पैशाचा प्रश्न मात्र वेगळ्या जातीचा होता.

१८९६ च्या नोव्हेंबरअखेर 'कोर्टलंड' आणि 'नादेरी' ही दोन जहाजे मुंबईहून निघाली. दोन्हींत मिळून सुमारे ८०० हिंदी उतारू होते. 'कोर्टलंड'चे मालक पोरबंदरचे दादा अब्दुल्ला. त्याच जहाजावर गांधीजी कुटुंबासह होते. डिसेंबरात जहाजे दरबानला पोचली, पण उतारूंना उतरू दिले नाही. मुंबईत प्लेग असल्याचे कारण देऊन जहाजे समुद्रातच रोखून धरली. खरे कारण गोऱ्या रहिवाशांचा विरोध हे होते. १३ जानेवारी १८९७ ला लोक उतरले आणि त्याच दिवशी जमावाने गांधीजींना मारहाण केली.

त्याच वर्षी नाताळच्या सरकारने प्रवेशबंदीचा कायदा केला. त्यात हिंदी माणसाचे नाव कोठेच नव्हते. युरोपातल्या कोणत्याही एका भाषेच्या लिपीत ज्याला अर्ज लिहिता येणार नाही, आणि जो कंगाल आहे किंवा सरकारवर बोजा होण्याचा संभव आहे, अशाला प्रवेश नाही, एवढेच म्हटले होते. संशयित माणसाला उतरायचेच असेल तर त्याने १०० पौंड अनामत ठेवावेत. आठवड्याच्या आत आपण बंदीत मोडत नाही असा दाखला मिळवला तर रक्कम परत, नाहीतर ती जप्त आणि माणूसही बाहेर. १०० पौंड म्हणजे त्या वेळचे सुमारे दीड हजार रुपये. लंडनमधल्या वसाहतमंत्र्यांना ही युक्ती इतकी पसंत पडली की त्यांनी इतर वसाहतींनाही तीच सुचवली. कोणाचा रंग वा धर्म न लिहिता त्याला बाहेर ठेवता येत होते.

उर्दू शिकवणाऱ्या माणसाला या भाषेच्या अटीपाशी थांबावेच लागते. अरबी, फारसी, उर्दू, गुजराती, मराठी येणारा मौलवी किंवा मुनीम या कायद्याने निरक्षर ठरत होता. केप वसाहतीने १९०२ आणि १९०६ साली असेच कायदे केले. १९०६ च्या कायद्यात यिद्दिश ही ज्यूंची भाषा युरोपीय म्हणून मान्य झाली. पूर्व युरोपातून येणाऱ्या ज्यूंवर अन्याय होऊ नये म्हणून ते झाले आणि ते योग्यच होते. पण यिद्दिशही उर्दूप्रमाणेच उजवीकडून डावीकडे लिहितात. म्हणजे अडचण लिपीची नव्हती. लिहिणारा कोठून आला, ही अडचण होती.

केपटाऊनचा विषय आपल्याला जवळचा आहे. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतून, जंजिऱ्याच्या मुलखातून अनेक कोकणी मुसलमान तेथे जाऊन स्थायिक झाले. तेथे आजही 'कोकनी' म्हणून ओळखला जाणारा समाज आहे. १९०६ च्या कायद्यानंतर तेथल्या हिंदी रहिवाशाला गावी यायचे तर परमिट काढावे लागे. एक पौंड फी, फोटो, अंगठ्याचा ठसा आणि परतीची मुदत. मुदत टळली तर वर्षानुवर्षे केलेला धंदा, घर, सारे तिकडेच राहून दार बंद. कोकणातल्या घरी आईबापांना, बायकोमुलांना भेटायला आलेला माणूस मुदतीचे दिवस मोजत बसे. आजारपण आले, पावसाळ्यात बोट चुकली, कागद हरवला, की संपले. १९१३ च्या कायद्याने नव्या माणसांना दार जवळजवळ बंद झाले. तेथे राहणाऱ्यांच्या बायका आणि अज्ञान मुले तेवढी जाऊ शकत.

हजचा नियम आणि नाताळचा नियम शेजारी ठेवून पाहावेत. दोन्हींत अनामत आहे, दोन्हींत 'बोजा होऊ नये' हे शब्द आहेत. पण पहिल्यात मुसाफिर सुखरूप परत यावा ही काळजी आहे. दुसऱ्यात तो येऊच नये ही इच्छा आहे. कागद सारखा दिसतो, नियत वेगळी असते. आमच्या मते या साऱ्या इतिहासाची किल्ली येथे आहे.

आपलेच सरकार, आपलीच सरहद्द

पहिल्या महायुद्धापूर्वी बहुतेक जग पासपोर्टविनाच फिरत होते. १९२० साली पॅरिसच्या परिषदेत आजच्यासारख्या पासपोर्ट पुस्तिकेचा नमुना ठरला आणि त्याच वर्षी हिंदुस्थानातही पासपोर्टचा कायदा झाला. पण सामान्य घरांना कागदाचा खरा धाक कळला तो फाळणीनंतर. १९४८ च्या जुलैत पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परमिट लागू झाले. १९५२ च्या ऑक्टोबरात पासपोर्ट आणि व्हिसा आले. कोकणातली, मुंबईची काही कुटुंबे कराचीला गेली होती. कोणी कायमचे, कोणी नोकरीपुरते, कोणी लग्नाला गेले ते अडकले. थोड्या दिवसांचे परमिट घेऊन येणे आणि पुन्हा वसण्याचे परमिट घेऊन येणे यांत नागरिकत्वाचा फरक पडत होता. घटनेच्या ७ व्या कलमात तो लिहिलेला आहे. येथे पैशाचा सवाल मागे पडला आणि दुसरा पुढे आला: येतोस तो राहायला की भेटायला? २००६ साली मुनाबाव-खोखरापारची रेल्वे सुरू झाली तेव्हा अनेकांना आशा वाटली. २०१९ साली तीही थांबली.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई आली आणि एक विचित्र स्थिती झाली. बाहेरचा देश म्हणे, पैसे दाखव. आपले सरकार म्हणे, पैसे नेऊ नकोस. १९७० च्या दशकापर्यंत परदेशी जाणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या मंजुरीचा 'पी फॉर्म' लागे, आणि खिशात जेमतेम आठ डॉलर घेऊन विमानात बसलेल्यांच्या आठवणी आपण ऐकतो. हाजींसाठी १९५९ साली रिझर्व्ह बँकेने १० आणि १०० रुपयांच्या खास हज नोटा काढल्या. त्यांच्या क्रमांकाआधी एच ए ही अक्षरे असत. आखातात फिरणाऱ्या भारतीय रुपयांच्या आडून सोन्याची चोरटी आयात होई, ती थांबवण्याचा हा भाग होता. या नोटा भारतात चालत नसत. हाजीचा सफरखर्च सरकारने मोजून, वेगळ्या रंगात छापून हाती दिला, असे म्हणायला हरकत नाही. नंतर विमाने आली, जहाजे १९९५ साली बंद झाली. हज कमिटी बरीच वर्षे प्रत्येक हाजीकडून आगाऊ पैसे घेऊन निघताना २१०० रियाल हातात देत असे. २०२३ च्या धोरणात ही सक्ती गेली. हाजींना मिळणारा वेगळा 'पिल्ग्रिम पास' २००९ पासून बंद होऊन सर्वांना आंतरराष्ट्रीय पासपोर्ट लागू झाला.

परदेशी जाणे हा हक्क आहे की सरकारची मेहेरबानी? १९६७ साली सतवंत सिंग साहनी यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने तो हक्क मानला आणि त्याच वर्षी आजचा पासपोर्ट कायदा झाला. पण गरीब आणि कमी शिकलेल्या माणसाचा हक्क अर्धाच राहिला. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली ठरावीक शिक्षण नसलेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर'चा शिक्का आला. भिवंडी, मुंब्रा, कल्याण येथल्या कितीतरी घरांत हा शिक्का परिचयाचा आहे. आखातात मजुरांची फसवणूक होऊ नये म्हणून तो होता आणि फसवणूक खरोखर होत होती. पण तो शिक्का असलेला माणूस भावाला भेटायला चार दिवस दुबईला निघाला, तरी त्याला परतीचे तिकीट आणि व्हिसा घेऊन आधी 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'च्या कचेरीत जाऊन वेगळी परवानगी आणावी लागे. पदवीधराला काही विचारत नसत. फिरायला जाणाऱ्यांसाठी ही अट २००७ साली उठली.

हुद्द्याचे नाव पाहा. हाजींचा प्रोटेक्टर, मजुरांचा प्रोटेक्टर. दोघेही मुहाफिज, आणि दोघेही दारावर उभे. रक्षण करणारा आणि अडवणारा एकच असला की त्या खुर्चीत कोण बसले आहे आणि त्याला काय वाटते, यावर मुसाफिराचे नशीब ठरते.

आजचा हिशेब

आज नियम देशोदेशी निराळे आहेत, पण धागा तोच. शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस राहता येते. राहण्या-खाण्याची ऐपत दाखवावी लागते आणि ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. ब्रिटनमध्ये पाहुण्याला साधारणपणे सहा महिने मिळतात. तेथे अमुकच रक्कम हवी असा आकडा नाही, खर्च भागेल आणि तुम्ही परत जाल हे अधिकाऱ्याला पटले पाहिजे. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यात तर पर्यटकाचा व्हिसा मागणारा माणूस कायमचा राहायलाच येतो आहे असे गृहीत धरले आहे. तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर. आमच्या बाईंच्या 'वाटलंच कसं?' या सवालाचे सरळ उत्तर हे आहे. त्यांच्याबद्दल वेगळे कोणाला काही वाटलेच नव्हते. परत न येण्याचा संशय प्रत्येक अर्जदारावर आधीच लिहून ठेवलेला असतो. गरिबाला तो पुसायला जास्त कागद लागतात.

अनामतीची कल्पनाही मेलेली नाही. २०१३ साली ब्रिटनने भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नायजेरिया आणि घाना या सहा देशांतल्या काही पाहुण्यांकडून ३ हजार पौंड, म्हणजे तेव्हाचे जवळपास पावणेतीन लाख रुपये, अनामत घेण्याचे ठरवले होते. सहाही देश एकेकाळी ब्रिटनच्याच अमलाखालचे. ओरड झाली आणि त्याच वर्षी बेत सोडला. २०२५ साली अमेरिकेने काही देशांच्या पाहुण्यांसाठी ५ ते १५ हजार डॉलरच्या हमीची योजना सुरू केली. नाताळच्या १०० पौंडांची आठवण यावी अशीच ही गोष्ट आहे.

चांगले उदाहरणही आहे. कॅनडाने २०११ साली आईबाप आणि आजी-आजोबांसाठी 'सुपर व्हिसा' काढला. २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. अट ही की तेथल्या मुलाचे वा नातवंडाचे ठरावीक उत्पन्न हवे आणि आईबापांचा आरोग्य विमा हवा. म्हातारीच्या पासबुकात काय आहे यापेक्षा तिला बोलावणाऱ्याची ऐपत काय, हे पाहिले जाते. बोजा होऊ नये हे तत्त्व येथेही आहे, पण ते माणसाची घडण ओळखते. आपल्याकडे साठीनंतर आईबापांची इस्तिताअत मुलांच्या घरात असते.

आणि इन्साफाने बोलायचे तर आपण स्वतःही दारावर उभे आहोत. भारतात येणाऱ्या पर्यटकाला ई-व्हिसासाठी परतीचे किंवा पुढचे तिकीट आणि मुक्कामापुरते पैसे असावेत, अशी अट आपल्या सरकारचीही आहे. यजमानाने ही चौकशी करावी यात गैर नाही. सवाल इतकाच की चौकशी पाहुण्याच्या सोयीची आहे की त्याच्या जातकुळीची.

आम्हाला वाटते, आपल्या लोकांनी या इतिहासातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली सचोटीची. उसनी रक्कम खात्यात टाकून दाखवणे हा फसवणुकीचा प्रकार ठरू शकतो, आणि ब्रिटनसारख्या देशात खोटे कागद दिल्याचे ठरले तर दहा वर्षांपर्यंत दार बंद होते. त्याहून मोठे नुकसान असे की एका खोट्या पासबुकामुळे मागच्या शंभर खऱ्या पासबुकांवर संशय येतो. आपल्या दीनने इस्तिताअतचा साक्षीदार ईमानाला केले आहे. बँकेच्या कागदाला आपण त्याच साक्षीने हात लावावा.

दुसरी गोष्ट कागद जपण्याची. आपल्या घरांतल्या पत्र्याच्या ट्रंकांत जुने पिल्ग्रिम पास, आफ्रिकेची परमिटे, ईसीआरच्या शिक्क्याचे पासपोर्ट, कराचीच्या व्हिसांचे कागद पडून आहेत. दिवाळीच्या साफसफाईत नाही, तर रमजानच्या साफसफाईत ते भंगारवाल्याकडे जातात. मुसलमान समाजाचा इतिहास म्हणजे बादशहांचा इतिहास, असे आमच्या वर्गातल्या मुलांनाही वाटते. पण आजोबांनी एक पौंड देऊन फोटो काढून घेतला, आजीने दागिने मोडून अनामत भरली, हा त्यांचा स्वतःचा इतिहास आहे. तो कागदावर आहे तोवर सांगता येईल.

बाईंचा फॉर्म आम्ही पुन्हा भरला आहे. दिराचे चार लाख दिराला गेले. पासबुकात आहेत तेवढेच पैसे लिहिले, सोबत लेकीचे पत्र, जावयाच्या पगाराच्या स्लिपा आणि कल्याणच्या घराचे कागद जोडले. सही करताना बाईंनी विचारले, "सर, या वेळी देतील ना?" आम्ही म्हणालो, "चाची, ते सांगता येत नाही. पण या वेळी जे लिहिलं आहे ते सारं तुमचं आहे." मूल आता चार महिन्यांचे झाले. उत्तर अजून यायचे आहे.